सातवीच्या वर्गाचा केर

शेणाचा वास आला की रत्ना गाडीची काच खाली करायची. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आमच्या जुन्या गाडीचा हीटर जेमतेम पाय शेकणारा, आणि ही बाई उजाडायच्या आत काच उघडून छातीभर वास घ्यायची.

“अगं, माझे कान गळून पडतील.”

“गोठा जाऊ द्या ना. लगेच लावते.”

गोठा म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. दिव्याच्या उजेडात गाईंच्या पाठीवरून वाफ निघताना दिसायची आणि रबरी बूट घातलेलं कोणीतरी फावड्यानं शेण ओढत असायचं. तिथून पुढे मक्याची शेतं, कापणी होऊन नुसती खुंटं उरलेली, आणि त्या शेतांच्या मधोमध रत्नाची शाळा. रत्नाची म्हणायचं आपलं. ती तिथं एका सत्रापुरती शिकाऊ मास्तरीण होती.

शहाण्णव सालची ही गोष्ट. मी तेव्हा अमेरिकेत, नोव्हाय गावच्या एका कंपनीत मोटारींच्या सीटचे सांगाडे डिझाइन करायचो. रत्ना वर्ध्याकडची. तिकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत ती सातवीला विज्ञान शिकवत होती. माझ्यामागं मिशिगनला आली आणि घरात बसली. लोकांची मुलं सांभाळली, लायब्ररीत पुस्तकं लावली. पार्टीत कोणी “आप क्या करती हैं?” विचारलं की “टीचर थी” असं सांगायची आणि लगेच उठून किचनमध्ये जायची. इथं परत शिकवायचं तर युनिव्हर्सिटीचे कोर्स करायचे आणि शेवटी एका खऱ्या शाळेत सत्रभर वर्ग चालवून दाखवायचा. त्यात पास झाली तर शिक्षिका. नाही झाली तर दुसरी संधी मिळणार नाही, हे तिला आधीच सांगितलेलं होतं. बरोबरच्या पोरींना घराजवळच्या शाळा मिळाल्या. हिचं इंग्रजी ऐकून दोन शाळांनी गोड बोलून नकार दिला आणि तिसरी मिळाली ती ही, गाईंच्या पलीकडची.

गाडी एकच. म्हणून मी पहाटे उठायचो, आमच्या झोपेतल्या लेकीला, दीक्षाला, उचलून शेजारच्या सरलाकाकूंच्या सोफ्यावर ठेवायचो, रत्नाला शाळेत सोडायचो, उलटा फिरून ऑफिस गाठायचो. संध्याकाळी परत तेच. मी कुरकुर करायचो, खोटं कशाला बोलू. थर्मासमधला चहा मी एका हातानं प्यायचो आणि दुसऱ्या हातानं स्टिअरिंग धरून नशिबाला बोल लावायचो. आज तो चहा आठवला की जीव कासावीस होतो, पण तेव्हा कुरकुर करायचो.

वर्ग होता मिसेस हॉकस्ट्रांचा. उंच, हाडकुळ्या, कमी बोलणाऱ्या बाई. रत्नानं शिकवायचं आणि त्यांनी मागच्या टेबलाशी बसून बघायचं. पहिले दिवस वाईट गेले. रत्नानं काही विचारलं की पोरं एकमेकांकडं बघून ओठ दाबायची. एकदा ती फळ्याकडं वळली तेव्हा कोणीतरी तिच्या बोलण्याची नक्कल केली आणि अख्खा वर्ग हसला. हॉकस्ट्राबाई काही बोलल्या नाहीत. रत्नानं तास पुरा केला. घरी येऊन मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवून बसली. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांचे गोळे झालेले असायचे.

“कॅन्सल करू या का?” मी विचारलं. “पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी माझे पाय नवीन येणार आहेत का?” ती म्हणाली. “जरा टॉवेल द्या.”

तिला तारलं मातीनं. जमिनीचे थर शिकवायचे होते. पुस्तकात रंगीत चित्र होतं, पण हिनं पोरांना सांगितलं, आपापल्या घरची माती बरणीत भरून आणा. शेतकऱ्यांचीच पोरं ती. काळी आली, पिवळी आली, रेतीची आली, आणि त्या गोठेवाल्याच्या ट्रॅव्हिसनं आणली ती माती कमी नि शेण जास्त होतं. बरण्यांत पाणी घालून हलवायचं आणि काय खाली बसतं, काय वर तरंगतं ते बघायचं. पोरं रंगली. ट्रॅव्हिसच्या बरणीत तर सगळंच तरंगलं. तास संपला तेव्हा जमिनीवर नुसता चिखल झाला होता.

त्या संध्याकाळी ती गाडीत बसली ती हसतच.

“आज पोरांनी वर्ग झाडला.”

“पोरांनी? कोणी सांगितलं?”

“मी. आधी मी झाडू घेतला, मग पहिल्या रांगेनं. उद्या दुसऱ्या रांगेचा नंबर.”

“बाईंना विचारलंस?”

“वर्ग झाडायला काय विचारायचं?” ती माझ्याकडं अशी बघायला लागली जसं काही मी जेवायच्या आधी हात धुवायची परवानगी मागितली होती.

तिचं बघणं मला कळत होतं. आमच्या शाळांत झाडायच्या पाळ्याच असायच्या. आणि तिच्या घरात तर त्या पाळ्यांना मोठा मान होता. तिचे वडील, माझे सासरे, लहानपणी गावच्या शाळेत दाराबाहेर बसायचे आणि रोज सकाळी शाळेचं अंगण झाडायचे. अंगण झाडायला फक्त तेच. बाकीची पोरं झाडलेल्या अंगणातून आत जाऊन बसायची. पुढं ते स्वतः मास्तर झाले, आणि शाळेत पहिल्याच दिवशी त्यांनी हातात झाडू घेतला, सगळा वर्ग स्वतः झाडला आणि सांगितलं, उद्यापासून रांगेनं सगळे झाडतील. पाटलाचा पोरगा पण. पाटील तक्रार घेऊन आला तर गुरुजी म्हणाले, तुमची इच्छा असेल तर तुमच्या पोराच्या जागी मी झाडतो, पण मग अभ्यासही त्याच्या जागी मीच करीन. ही गोष्ट आमच्याकडं कोणीही जेवायला आलं की व्हायची. दीक्षालाही पाठ होती. “मॉम, वी नो. द पाटील स्टोरी,” असं म्हणून ती वरण वाढून घ्यायची.

तर नोव्हेंबरपर्यंत रांगेनं वर्ग झाडला जात होता. पोरांना मजा वाटायची. ट्रॅव्हिस सगळ्यात छान झाडायचा, कोपरे काढून. नक्कल बंद झाली. “मिस रत्ना, आज आमची रांग” असं पोरं आठवण करून द्यायला लागली. हॉकस्ट्राबाईंनी एकदा भुवया उचलल्या आणि खाली केल्या. रत्ना रोज गाडीत बसली की बोलतच सुटायची आणि गोठा आला की काच खाली व्हायची. मला वाटलं, झालं, आता बाई पास.

हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की तिकडं शाळांना सुट्टी असते. ती संपून शाळा उघडली, त्या संध्याकाळी मी घ्यायला गेलो तर रत्ना कॉरिडॉरमध्ये मुलांच्या बुटक्या खुर्चीवर कोट घालून बसलेली. गुडघे छातीशी आले होते. गाडीत बसली आणि बेल्ट लावायलाही विसरली.

“प्रिन्सिपलनं बोलावलं होतं. झाडणं बंद करा म्हणाले. युनिव्हर्सिटीलाही कळवलंय.”

“कोणाच्या बापानं तक्रार केली?” माझ्या डोळ्यांपुढं पाटीलच आला.

“आईबापांनी नाही. अर्लनं.”

अर्ल म्हणजे शाळेचा सफाईवाला. म्हातारा, जाड, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी यायला उशीर झाला की शाळेत हे दोघंच असायचे. ही वह्या तपासत बसायची आणि तो एकेक खोली झाडत जायचा. कधी बोलणं झालं नव्हतं.

“तो म्हणाला, मी नीट झाडत नाही असं या बाईंना दाखवायचंय का? रोज खोली उघडतो तर आधीच झाडलेली असते. वरच्यांनी मागच्या वर्षी त्याचे तास कापलेत. पोरंच झाडतात असं कळलं तर उरलेले पण कापतील.”

“मग बाईंचं काय म्हणणं?”

“हॉकस्ट्राबाई म्हणाल्या, निर्णय शेवटच्या शुक्रवारी सांगते.”

गोठा आला, गेला. तिनं काच खाली केली नाही. मीच न राहवून माझ्या बाजूची थोडी उघडली, तर म्हणाली, “लावा हो. थंडी वाजते.”

घरी हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली ती कोट न काढताच बसली. मी खिचडी टाकली, ती खाली लागली.

“माझ्या बाबांच्या हातातला झाडू सगळ्यांच्या हातात गेला, तेव्हा त्यांचा अपमान संपला,” ती म्हणाली. “मला वाटलं, झाडू सगळ्यांच्या हातात दिला की झालं. अर्लच्या हातून तर मी तो काढूनच घेतला.”

“तुझ्या मनात तसं नव्हतं.”

“पाटलाच्याही मनात काही नसेल.”

मी करपलेली खिचडी वरवरची काढून वाढली आणि तिनं ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून लवकर निघालो. शाळेत शिरलो तर कॉरिडॉरच्या टोकाला अर्ल उभा. हिरवा, तेलकट भुसा मुठीनं जमिनीवर पसरत होता. धूळ उडू नये म्हणून तिकडं झाडायच्या आधी तो टाकतात. आपल्याकडं पाणी शिंपडतात तसं. रत्ना वर्गातून बाहेर आली आणि त्याच्याकडं चालत गेली. मी तिथंच भिंतीला टेकून उभा राहिलो, हातात गाडीची किल्ली.

“मिस्टर अर्ल, मी माफी मागायला आले.”

तो भुसा पसरत राहिला. “लेडी, मला अजून दोन वर्षं काढायचीत इथं. नंतर तुम्ही शाळेत काय वाट्टेल ते करा.”

“तुमचं काम वाईट आहे असं मला म्हणायचं नव्हतं. माझे वडील लहानपणी शाळा झाडायचे. त्यांना एकट्यालाच झाडायला लावायचे. म्हणून मला वाटलं, सगळ्यांनी झाडावं.”

अर्ल थांबला. रत्ना काय सांगते आहे ते त्याला पूर्ण कळलं असेल असं मला वाटत नाही. वर्ध्याजवळचं गाव त्याला कुठून माहीत असणार. त्यानं डावा हात गुडघ्यावर ठेवला आणि हळूहळू सरळ झाला.

“एकट्यालाच?”

“एकट्यालाच.”

त्यानं जवळच्या खोलीच्या उघड्या दारातून आत बघितलं. मग म्हणाला, “खुर्च्या. कोणी खुर्च्या वर ठेवत नाही. प्रत्येक खोलीतल्या मी उचलतो आणि माझे गुडघे गेलेत. पोरांना काही करायला लावायचंच असेल तर खुर्च्या टेबलावर ठेवायला लावा. झाडायचं मी बघतो.”

एवढं बोलून त्यानं लांब दांड्याचा झाडायचा ब्रश ढकलायला सुरुवात केली आणि रत्नाला बाजूला व्हावं लागलं.

त्यानंतर घंटा झाली की सातवीची पोरं खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवायची. पहिली खुर्ची रत्ना उचलायची. युनिव्हर्सिटीची तपासायला येणारी बाई आली त्या दिवशीही तसंच झालं. तिनं बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळलं नाही. रत्नाला रात्री झोप लागेना. अंथरुणात पडल्या पडल्या म्हणायची, “त्यांनी झाडण्याचं मनात धरलं असेल का हो?” मी म्हणायचो, “झोप.” मलाही झोप नसायची.

शेवटच्या शुक्रवारी वर्गाला वाटायला म्हणून तिनं आदल्या संध्याकाळी नारळाच्या वड्या केल्या. कोणाला नारळ चालत नाही ते आधीच विचारून ठेवलेलं. वड्यांवर एकेक बेदाणा बसवला. डबा भरला, दाराशी ठेवला, वर कोट ठेवला.

पहाटे उठलो तर खिडकीबाहेर आमची गाडी दिसेना. तिच्या जागी बर्फाचा ढीग होता. रेडिओवर एकेका शाळेचं नाव वाचत होते, सगळ्या बंद. रत्ना चहाचं भांडं हातात धरून ऐकत उभी होती. तिच्या शाळेचं नाव आलं तसं तिनं भांडं खाली ठेवलं.

दीक्षा पांघरुणातून ओरडली, “येस! स्नो डे!”

थोड्या वेळानं फोन वाजला. हॉकस्ट्राबाई. रत्ना “येस, येस” म्हणत राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिनं फोन ठेवला.

“पास केलं,” ती म्हणाली. “वर्गासमोर सांगणार होते म्हणाल्या. माझ्या जागी कधी कोणाला नेमायचं झालं तर तुमचं नाव सांगेन म्हणाल्या.”

मी तिला मिठीच मारली. दीक्षाही येऊन चिकटली. रत्ना आमच्यामध्ये उभी, पण तिचं लक्ष दाराशी ठेवलेल्या डब्याकडं.

“सोमवारी जाऊ ना आपण, वड्या घेऊन,” मी म्हटलं.

“सोमवारी मी तिथली कोणीच नाही. सत्र आज संपलं. वर्गात जायची परवानगी नाही. मी त्यांना उद्या या म्हटलं होतं हो. फळ्यावर लिहून आले. उद्या टेस्ट नाही, उद्या खाऊ.”

आणि ती रडली. सत्रभरात, नक्कल झाली तेव्हा नाही, प्रिन्सिपलनं बोलावलं तेव्हा नाही, ती पास झाल्यावर रडली. मीही रडलो असतो, पण फावडं शोधायचं होतं. मी बूट चढवले आणि गाडी उकरायला गेलो.

बर्फ सारणारी गाडी रस्त्यावरून गेल्यावर आम्ही दीक्षाला सरलाकाकूंकडं सोडून निघालो. काकू म्हणाल्या, “शाळा बंद असताना शाळेत कोण जातं?” मलाही तेच वाटत होतं, पण मी गाडी चालू केली. रस्ता पांढरा, शेतं पांढरी, दोन्हींतला फरक कळेना. मी कासवाच्या चालीनं चाललो होतो. रत्ना मांडीवर डबा धरून बसलेली. गोठा आला. तिनं काच खाली केली आणि बर्फाची भुरभुर माझ्या चष्म्यावर आली. मी पुसली नाही.

शाळेच्या पायऱ्यांवर बर्फ वितळावा म्हणून अर्ल मीठ टाकत होता. आम्हाला बघून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

“आज शाळा नाही.”

“माहीत आहे. मला एकदा वर्ग बघायचाय.”

त्यानं बादली ठेवली, जुडग्यातली किल्ली शोधली आणि दार उघडलं. “काल वादळ येणार म्हणून आम्हाला लवकर घरी पाठवलं. तुमची खोली झाडायची राहिलीय,” तो म्हणाला.

वर्गात सगळ्या खुर्च्या टेबलांवर उलट्या, पाय वर करून. फळ्यावर रत्नाचं अक्षर. जमिनीवर पेन्सिलींचे तुकडे, कागदाचे बोळे, बुटांबरोबर आलेला वाळका चिखल, गवताच्या काड्या. रत्ना दारात थांबली. पुढं तिनं दुसऱ्या शाळांमधून खूप वर्षं शिकवलं, तिच्या हाताखाली नवीन पोरी शिकून गेल्या, गेल्या जूनमध्ये ती रिटायर झाली. पण आमच्या घरात “आपली शाळा” म्हटलं की ही. त्या दिवशी ती दारात जशी उभी होती तशी मी तिला कधीच पाहिली नाही, लग्नातसुद्धा नाही.

ती आत गेली. टेबलांमधून फिरली, प्रत्येक टेबलावर कागदाच्या रुमालात गुंडाळून एकेक वडी ठेवली. सोमवारी पोरं येतील तेव्हा मिळेल. नारळ न चालणाऱ्या पोरीच्या टेबलावर खिशातली पेपरमिंटची गोळी ठेवली. मग दाराकडं आली.

“मिस्टर अर्ल, आज मी झाडलं तर चालेल? तुम्ही नाही म्हणालात तर नाही.”

अर्लनं तिच्याकडं बघितलं, मग खोलीकडं. तो वळला आणि निघून गेला. मला वाटलं, रागावला. तो आला तो दोन ब्रश घेऊन. एक तिला दिला, हिरवा भुसा पसरला आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन झाडायला लागला. रत्ना या टोकानं. ब्रशांचा तेवढा आवाज, आणि मध्येच हीटरच्या पाइपांची खडखड. रत्ना कोपरे काढून झाडत होती. मी कोट घालून दारात उभा, रिकामा डबा हातात, काय करावं ते न समजून.

खोलीच्या मधोमध दोघांचे केर एक झाले. अर्लनं केरभरणी आणली आणि ती टेकवायला तो वाकायला लागला. गुडघा धरून, कण्हत.

“नको, नको,” रत्ना म्हणाली. “मी धरते.”

“तुम्ही झाडा,” अर्ल म्हणाला.

“तुमचे गुडघे.”

“माझी शाळा आहे, लेडी.”

दोघंही अर्धवट वाकलेले, दोघांचेही हात केरभरणीवर, आणि कोणी सोडायला तयार नाही. मी डबा टेबलावर ठेवला. दोघांच्या मधून हात घालून केरभरणी घेतली आणि ऑफिसच्या पँटनं त्या जमिनीवर गुडघे टेकून बसलो. आमच्या घरात मी कधी झाडू उचलला नव्हता, तर केरभरणी कशी धरतात ते मला कुठून माहीत असणार. रत्नानं पहिला फटकारा मारला तसा सगळा केर केरभरणीच्या खालून पलीकडं गेला. अर्लनं हसू दाबलं.

रत्ना सरळ उभी राहिली. सत्रभर मी तिला शाळेत सोडलं, घेतलं, पण शिकवताना एकदाही पाहिलं नव्हतं. ब्रश हातात धरून ती माझ्याकडं बघत होती, आणि तो चेहरा माझ्या बायकोचा नव्हता, सातवीच्या बाईंचा होता.

“घाई नको,” ती म्हणाली. “पुढची कड जमिनीला टेकवा. पूर्ण. आता हलवू नका.”

मी टेकवली, आणि हलवली नाही.